जहाजावरचा गोंगाट आणि खलाशाचे कान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड आणि गोवा या भागांतून बोटीवर जाण्याची परंपरा जुनी आहे, आणि बोटीवरून निवृत्त होऊन आलेला माणूस थोडा मोठ्यानेच बोलतो, हेही तिथल्या घरांना ठाऊक असते. वयाला आणि सवयीला दोष देऊन हा विषय बहुधा तिथेच संपवला जातो. पुढील प्रश्नोत्तरे इंजिन रूममध्ये, डेकवर आणि गॅलीत (जहाजाच्या स्वयंपाकघरात) काम करणाऱ्यांसाठी, तसेच त्यांच्या घरच्यांसाठी लिहिली आहेत.

जहाजावर सर्वांत जास्त आवाज कुठे असतो?

इंजिन रूममध्ये, पण तिथेही सगळीकडे सारखा नाही. मोठ्या मालवाहू जहाजाचे मुख्य इंजिन मंदगती, दोन-स्ट्रोकचे असते आणि त्याच्या तळाशी ऐकू येणारी धडधड खोल असली तरी कानाला सर्वाधिक त्रासदायक नसते. वरच्या जाळीवर, टर्बोचार्जरच्या, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राच्या शेजारी, जो तीक्ष्ण आवाज असतो तो अधिक घातक ठरतो. जनरेटरची इंजिने मध्यमगती असतात आणि ती बंदरात उभ्या असलेल्या जहाजावरही चालूच राहतात, त्यामुळे मुख्य इंजिन बंद झाले म्हणजे शांतता झाली असे होत नाही. त्यांच्या जोडीला एअर कॉम्प्रेसर, प्युरिफायर (तेल शुद्ध करणारी यंत्रे), बॉयलरचे पंखे आणि हायड्रॉलिक पंप असतात. इंजिन रूमच्या बाहेर पाहिले तर गंज काढण्याची चिपिंगची साधने, नांगर वर ओढणारे विंडलास, वायुवीजनाचे पंखे आणि गॅलीतला एक्झॉस्ट यांचा क्रम लागतो.

डेसिबलचा आकडा नेमका कसा वाचायचा?

डेसिबल हे माप किलो किंवा लिटरसारखे सरळ वाढत नाही. आवाज ३ डेसिबलने वाढला की कानावर येणारी ध्वनिऊर्जा दुप्पट होते, १० डेसिबलने वाढला की दहापट होते आणि २० डेसिबलने वाढला की शंभरपट. ऐकणाऱ्याला मात्र १० डेसिबलची वाढ साधारण दुप्पट आवाजासारखी वाटते. या तफावतीतच धोका आहे, कारण कानाला इजा ऊर्जेमुळे होते आणि अंदाज आपण जाणिवेवरून बांधतो. सारख्या आवाजाचे दोन जनरेटर शेजारी चालू असतील आणि त्यांतला एक बंद केला, तर मापकावरचा आकडा फक्त ३ने उतरतो. तिथे उभ्या असलेल्या माणसाला फारसा फरक जाणवतही नाही, पण कानावरचा भार अर्धा झालेला असतो. या लेखातले कामाच्या जागांचे आणि मर्यादांचे सर्व आकडे मानवी कानाच्या संवेदनशीलतेनुसार भार दिलेल्या, म्हणजे ‘ए’ मापपट्टीवरच्या डेसिबलचे आहेत.

किती आवाजात किती वेळ काम केले तर चालते?

सर्वसाधारणपणे मान्य असलेला हिशेब असा आहे की कानाला संरक्षण नसताना ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तासांपेक्षा जास्त वेळ काढू नये, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा करत जावे. म्हणजे ८८ला ४ तास, ९१ला २ तास, ९४ला १ तास, ९७ला अर्धा तास आणि १००ला १५ मिनिटे. १०६ डेसिबलला चार मिनिटांच्या आत दिवसभराचा वाटा संपतो. ‘मी दोनच मिनिटे खाली गेलो होतो’ हे वाक्य इंजिन रूममध्ये फार ऐकू येते. जिथे ही दोन मिनिटे जातात तिथला आकडा ठाऊक असल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

रोजच्या आवाजाला कान सरावतो, हे खरे आहे का?

नाही. आतल्या कानातल्या शंखाकृती भागात, जन्मतः, सुमारे पंधरा ते सोळा हजार केशपेशी असतात. आवाजाची लहर आली की त्यांच्यावरची सूक्ष्म केसांसारखी टोके वाकतात आणि त्यातून मेंदूकडे संदेश जातो. मोठ्या आवाजात फार वेळ राहिले की या पेशी थकतात. वॉच, म्हणजे कामाची पाळी, संपवून वर आल्यावर कानाला दडे बसल्यासारखे वाटते किंवा आत शीळ वाजत राहते, ती ही अवस्था. शांत जागी काही तास, कधी दीड-दोन दिवस गेले की ऐकू येणे बरेचसे पूर्ववत होते. पण असे वारंवार होत राहिले तर काही पेशी कायमच्या मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. पहिल्या महिन्यात असह्य वाटणारा आवाज सहाव्या महिन्यात सुसह्य वाटू लागला, तर त्यात मनाच्या सवयीचा भाग असेलही. मात्र तेवढा आवाज आता पूर्वीसारखा पोहोचतच नाही, ही शक्यता आधी तपासून घ्यायला हवी.

सुरुवातीला नेमके काय बिघडते? घरच्यांच्या आधी लक्षात कसे येते?

गोंगाटाचा पहिला घाव बहुधा ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या) पट्ट्यात, त्यातही ४,०००च्या आसपास बसतो. श्रवणचाचणीच्या आलेखात तिथे खाच पडलेली दिसते आणि अलीकडचे-पलीकडचे भाग तुलनेने ठीक असतात. बोलण्यातले स्वर खालच्या कंपनसंख्येचे असतात, त्यामुळे ‘आवाज येतोय’ असे वाटत राहते. पण स, श, च, फ, ख यांसारखी सळसळती किंवा श्वासाच्या झोताने उमटणारी व्यंजने वरच्या पट्ट्यात येतात आणि तीच आधी हरवतात. ‘साठ’मधला स गळाला की ‘आठ’ उरतो. घरच्या जेवणाच्या पंक्तीत यामुळे हशा पिकतो. दाबमापकाचा आकडा वॉकीटॉकीवर सांगताना-ऐकताना मात्र तोच गोंधळ गंभीर ठरतो. लहान मुलांचे आणि स्त्रियांचे बोलणे कळत नाही, पंखा किंवा टीव्ही चालू असताना समोरच्याचे शब्द सुटतात, माणूस एक प्रश्न दोनदा विचारतो. ही लक्षणे सुट्टीवर आलेल्या माणसापेक्षा त्याच्या पत्नीला किंवा आईला आधी दिसतात, कारण त्या त्याला काही महिन्यांच्या खंडाने ऐकत असतात.

जहाजांसाठी आवाजाचा वेगळा नियम आहे का?

आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९८१ साली जहाजांवरील आवाजाच्या पातळीविषयी एक संहिता स्वीकारली होती, पण ती शिफारशीच्या स्वरूपाची होती. नोव्हेंबर २०१२मध्ये नवी संहिता मंजूर झाली आणि ‘सोलास’ या सागरी सुरक्षा करारात नवा नियम घालून ती १ जुलै २०१४पासून बंधनकारक करण्यात आली. १,६०० किंवा त्याहून अधिक एकूण टनेजच्या नव्या जहाजांना ती लागू होते. नवे म्हणजे कोणते, तर ज्याच्या बांधणीचा करार त्या तारखेला किंवा नंतर झाला, करार नसल्यास ज्याची कील (तळाचा कणा) १ जानेवारी २०१५ किंवा नंतर ठेवली गेली, किंवा जे १ जुलै २०१८ किंवा नंतर ताब्यात दिले गेले.

त्याआधीच्या जहाजांना मोकळे रान आहे असे नाही. यंत्रांचा आवाज मान्य पातळीपर्यंत उतरवावा, ते जमत नसेल तर आवाज करणाऱ्या यंत्राला आवरण घालावे किंवा काम करणाऱ्याला आवाजापासून आसरा मिळेल अशी जागा द्यावी, आणि तिथे जाणाऱ्यांना कानाची साधने पुरवावीत, असे बंधन जुन्या जहाजांवरही आहे. ‘मान्य पातळी’ या शब्दांत पळवाटेला भरपूर जागा आहे, ही गोष्ट वेगळी.

कोणत्या जागेसाठी किती मर्यादा आहे?

यंत्रांच्या जागी ११० डेसिबल, इंजिन कंट्रोल रूममध्ये ७५, इंजिन रूमपासून वेगळ्या असलेल्या वर्कशॉपमध्ये ८५, नौकानयनाच्या ब्रिजवर ६५, ब्रिजच्या पंखांवर, म्हणजे टेहळणीच्या जागी ७०, आणि गॅलीत ७५. राहण्याच्या जागांसाठी जहाजाच्या आकारानुसार दोन मापे आहेत: १०,००० टनांखालच्या जहाजावर केबिनमध्ये आणि दवाखान्यात ६०, त्याहून मोठ्या जहाजावर ५५, मेस रूम, करमणुकीची खोली आणि कार्यालयात अनुक्रमे ६५ आणि ६०. केबिनच्या भिंतींनी शेजारच्या केबिनमधला आवाज किती अडवला पाहिजे, याचेही किमान माप संहितेत दिलेले आहे.

ही मोजणी मुख्य इंजिन नेहमीच्या वेगाला आणि कमाल सततच्या शक्तीच्या किमान ८० टक्के भारावर चालू असताना, अचूकतेच्या पहिल्या वर्गातल्या मापकाने करायची असते. तिचा अहवाल जहाजावर ठेवणे आणि तो कर्मचाऱ्यांना पाहता येणे बंधनकारक आहे. तुम्ही इंजिन रूममधले मोटरमन असा, सफाई करणारे वायपर असा किंवा शिकाऊ कॅडेट. चीफ इंजिनीअरकडे तो अहवाल मागणे यात आगाऊपणा काही नाही. त्यात जागेनुसार आकडे असतात. आपण रोज कुठे-कुठे उभे राहतो, ते आठवून ते आकडे एका कागदावर उतरवून घ्यावेत.

इंजिन रूमची मर्यादा ११० आहे, म्हणजे ११०पर्यंत सुरक्षित आहे असे समजायचे का?

मुळीच नाही, आणि सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतो. ११० ही त्या जागेची मर्यादा आहे, माणसाची नव्हे. वर दिलेल्या हिशेबाने ११० डेसिबलमध्ये उघड्या कानाने दिवसाला जेमतेम दीड मिनिट काढता येते. जहाज या आकड्याच्या आत आहे म्हणून त्याला प्रमाणपत्र मिळते. त्या जागेत काम करणाऱ्याच्या कानाचा हिशेब स्वतंत्रपणे करावा लागतो, आणि तो ना अहवालात असतो ना दारावरच्या पाटीत.

पाटीवर मात्र लक्ष असू द्यावे. ८० ते ८५ डेसिबलच्या जागेवर कानाची साधने वापरा अशी सूचना असते. ८५च्या पुढे साधने सक्तीची असतात. ११०च्या पुढे थोडाच वेळ थांबण्याची आणि ११५च्या पुढे दहा मिनिटांहून अधिक न थांबण्याची सूचना लावायची असते, तीसुद्धा कान झाकलेले असताना.

माणसाच्या कानाचा हिशेब मग कसा करायचा?

संहितेत चोवीस तासांचा समतुल्य भार धरला आहे आणि त्याची मर्यादा ८० डेसिबल आहे. ८ तास ८५ डेसिबल आणि उरलेला वेळ शांतता, याचा चोवीस तासांवर पसरलेला हिशेब ८०च्याच आसपास येतो. म्हणजे तत्त्व एकच. चोवीस तास धरण्याचे कारण असे की कारखान्यातला कामगार पाळी संपली की घरी जातो, खलाशी जात नाही. त्याचे कामाचे ठिकाण, त्याचा पलंग आणि जेवणाचे टेबल एकाच पोलादी सांगाड्यावर असतात. म्हणून गोंगाटाच्या जागी आठ तासांहून अधिक राहावे लागणाऱ्याला दिवसाचा किमान एक तृतीयांश भाग ७५ डेसिबल किंवा त्याहून कमी आवाजात मिळावा, असे संहिता सांगते.

एक उदाहरण करून पाहू. एक मोटरमन दिवसात ५ तास सरासरी १०४ डेसिबलच्या जागी असतो आणि बाकीचा वेळ कंट्रोल रूम, मेस आणि केबिनमध्ये जातो. कान उघडे असतील तर त्याचा चोवीस तासांचा भार सुमारे ९७ येतो. मर्यादेच्या कितीतरी वर. त्याने प्रत्यक्षात २० डेसिबल अडवणारे कानातले प्लग पूर्ण वेळ घातले तर भार ७७वर उतरतो आणि तो सुरक्षित राहतो. आता समजा त्याने त्या ५ तासांत फक्त १५ मिनिटे प्लग काढले: कुणाला तरी ओरडून काही सांगायला, घाम पुसायला, बेअरिंगचा आवाज नीट ऐकायला. एवढ्याने भार थेट ८५वर जातो. अगदी ५ मिनिटे काढले तरी तो ८१च्या पुढे जातो, म्हणजे मर्यादा ओलांडतो. उरलेले पावणेपाच तास निष्ठेने प्लग घातल्याचे श्रेय कानाला मिळत नाही. प्लग काढायचे असतील तर कंट्रोल रूमच्या दाराआड जाऊनच काढावेत.

इअर प्लग घालण्याची योग्य पद्धत कोणती?

फोमचा प्लग स्वच्छ, कोरड्या बोटांनी वळून सुरकुत्या न पडू देता बारीक करावा. विरुद्ध हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, म्हणजे कानाचा मार्ग सरळ होतो. मग प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत वीस ते तीस सेकंद बोटाने धरून ठेवावा. समोरून पाहणाऱ्याला प्लगचा मोठा भाग बाहेर आलेला दिसत असेल तर तो बसलेला नाही. ऑइलने माखलेल्या हातांनी प्लग वळणे म्हणजे कानाच्या संसर्गाला आमंत्रण. ज्यांचे हात दिवसभर तेलात असतात त्यांना मफ, म्हणजे पूर्ण कान झाकणारे कप, सोयीचे पडतात. मफ घालताना चष्म्याच्या दांड्या, लांब केस किंवा बॉयलर सूटची टोपी गादीखाली अडकली तर फट राहते आणि आवाज तिथून आत येतो.

वेष्टनावर छापलेला आकडा प्रयोगशाळेतला असतो. जहाजावर, घामात, घाईत घातलेल्या फोमच्या प्लगकडून त्याच्या निम्मे संरक्षण मिळेल असे धरून चालणे शहाणपणाचे आहे.

प्लग आणि मफ दोन्ही घातले तर संरक्षण दुप्पट होते का?

होत नाही. दोघांतल्या चांगल्या साधनाच्या वर साधारण ५ ते १० डेसिबलची भर पडते, कारण एका हद्दीनंतर आवाज कवटीच्या हाडांतून आतल्या कानापर्यंत पोहोचतो. तरीही टर्बोचार्जरपाशी किंवा चालू जनरेटरच्या दोन इंजिनांमध्ये काम असेल तर दोन्ही घालावेत. ५ डेसिबल कमी म्हणजे ऊर्जा एक तृतीयांशावर येणे, आणि ते थोडे नव्हे.

कान झाकले तर अलार्म ऐकू येईल का?

हा प्रश्न रास्त आहे, आणि कान न झाकण्याचे कारण म्हणून तो सर्वांत जास्त वेळा पुढे केला जातो. साधारण ८५ डेसिबलच्या वर, चांगल्या कानाच्या माणसाला संरक्षण घातल्यावर बोलणे आणि इशारे उघड्या कानाइतकेच, कधीकधी अधिक स्पष्ट कळतात. कारण गोंगाट आणि इशारा दोन्ही सारखेच उतरतात आणि अति आवाजाने होणारी कानातली विकृती टळते. ज्याचे ऐकणे आधीच बिघडले आहे त्याला मात्र हे लागू पडत नाही. त्याच्यासाठी, खरे तर सगळ्यांसाठी, ध्वनी-इशाऱ्याबरोबर फिरता दिवा असणे महत्त्वाचे आहे. इंजिन रूममध्ये कार्बन डायऑक्साइड सोडण्यापूर्वीचा इशारा चुकला तर दुसरी संधी नसते. टर्बोचार्जरच्या जाळीवरून, बॉयलरमागून, प्युरिफायरच्या खोलीतून दिवा दिसतो का, हे पुढच्या ड्रिलच्या वेळी प्रत्यक्ष उभे राहून पाहावे आणि दिसत नसेल तर सुरक्षा समितीच्या बैठकीत नोंदवावे.

केबिनमधल्या आवाजाने बहिरेपणा येत नाही. मग त्याची काळजी कशाला?

झोपेसाठी, आणि थकलेल्या कानाला मिळणाऱ्या विसाव्यासाठी. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९च्या मार्गदर्शनात शयनगृहासाठी रात्री ३० डेसिबलचा आकडा सुचवला होता. जहाजाच्या केबिनला ५५ ते ६० चालतात. दोहोंमधली दरी २५ ते ३० डेसिबलची आहे. चालते जहाज घराइतके शांत करणे शक्य नाही हे मान्य. पण नियमात बसणारी केबिन ही झोपेच्या दृष्टीने चांगली केबिन असेलच असे नाही, हेही मान्य करायला हवे. मोडलेल्या झोपेनंतर वॉचवर उभा असलेला माणूस सगळ्यांनाच महागात पडतो. सैल झालेली छताची पॅनेल, खडखडणारे वायुवीजनाचे झाकण, न लागणारे दार, या गोष्टी फिटरच्या अर्ध्या दिवसाच्या कामाने सुटतात आणि त्या ‘लहान’ आहेत म्हणूनच वर्षानुवर्षे तशाच राहतात.

कानात बोळा घालण्यापलीकडे जहाज काय करू शकते?

पुष्कळ. प्लग हा शेवटचा उपाय आहे, आणि तो स्वस्त असल्यामुळे पहिला होऊन बसतो. क्रम असा असायला हवा: आधी आवाज जन्मतो तिथे तो कमी करणे, मग वाटेत अडवणे, मग माणसाचा तिथला वेळ घटवणे, आणि तरीही उरेल त्यासाठी कानाची साधने. बांधणीच्या वेळी जनरेटर लवचीक आधारांवर बसवणे, एक्झॉस्टला योग्य सायलेन्सर देणे, राहण्याचा भाग इंजिनाच्या उभ्या केसिंगपासून वेगळा ठेवणे, हे सर्व शक्य असते. जहाज पाण्यात उतरल्यावर तेच काम कैकपट खर्चाचे होते.

चालत्या जहाजावरही हातात काही असते. रबरी आधार कडक झाले की ते कंपन अडवत नाहीत, ते वेळेवर बदलणे. गळकी कॉम्प्रेस्ड एअरची जोडणी घट्ट करणे. उचकटून परत न बसवलेली इन्सुलेशनची आवरणे जागेवर लावणे. कंट्रोल रूमच्या दाराचे रबर बदलणे आणि ते दार दोरीने बांधून उघडे न ठेवणे. गरज नसताना दोन जनरेटर चालू ठेवायचे का, याचा निर्णय विजेच्या भारावरून होतो, पण त्या निर्णयाला कानाचीही बाजू आहे. ज्या लांबलचक नोंदी लिहायच्या त्या यंत्राशेजारी उभे राहून लिहिण्याऐवजी आत येऊन लिहाव्यात, आणि खराब आवाजाची जागा एकाच माणसाच्या वाट्याला रोज येऊ नये असे सेकंड इंजिनीअरने वाटप करावे.

डेकवर आणि गॅलीत काम करणाऱ्यांनाही धोका आहे का?

डेकवर नक्कीच आहे. पोलादी पृष्ठभागावर नीडल गन किंवा जेट चिझल ही गंज काढण्याची अवजारे चालवताना १०० डेसिबलचा टप्पा सहज ओलांडला जातो, आणि टाकीच्या किंवा होल्डच्या (मालाच्या कोठाराच्या) आत तोच आवाज भिंतींवर आपटून आणखी वाढतो. मोजणी-अहवालात हे काम नसते, कारण तो अहवाल जहाजाच्या यंत्रांचा आहे, बोसनच्या (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाच्या) हातातल्या अवजाराचा नाही. ज्याच्या हातात अवजार आहे तो मफ घालतो आणि शेजारी रंग लावणारा घालत नाही, हे दृश्य नेहमीचे आहे. चिपिंग चालू असलेल्या ठिकाणाखालच्या केबिनमध्ये रात्रपाळी करून झोपलेला माणूस आहे का, हेही विचारून घ्यावे. गॅलीत पातळी सहसा मर्यादेत असते. एक्झॉस्टचा पंखा बिघडला नसेल तर.

मोबाइलवरच्या ॲपने आवाज मोजता येतो का?

अंदाजापुरता, इंजिन रूममध्ये तेवढाही नाही, कारण मोबाइलचा माइक फार मोठ्या आवाजात चुकीचा, बहुधा कमी आकडा दाखवतो. टँकरवर तर धोक्याच्या क्षेत्रात साधा मोबाइल नेण्यासच मनाई असते. त्यापेक्षा जुनी खूण बरी: हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावे लागत असेल तर ८५ ओलांडले आहे असे समजावे.

वैद्यकीय तपासणीत मी फिट ठरतो. मग माझे कान ठीकच असले पाहिजेत ना?

असे गृहीत धरू नये. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि सागरी संघटना यांच्या संयुक्त मार्गदर्शनानुसार, खलाशाच्या चांगल्या कानाचा सरासरी श्रवण-उंबरठा (ऐकू येणारा सर्वांत मंद आवाज) ३० डेसिबलच्या आणि दुसऱ्या कानाचा ४०च्या आत असावा, आणि ही सरासरी ५००, १,०००, २,००० व ३,००० हर्ट्झवर काढायची असते. गोंगाटाचा पहिला घाव बसतो ४,०००वर. तो या सरासरीत धरलेलाच नाही. माणूस कामाला योग्य आहे का हे ठरवण्यासाठी ती कसोटी आहे आणि त्या हेतूला ती पुरेशीही असेल, पण कान बिघडू लागले आहेत का हे तिच्यावरून कळत नाही. म्हणून ‘फिट’ या शिक्क्यावर समाधान न मानता श्रवणचाचणीचा मूळ आलेख मागून घ्यावा, ४,०००पाशी खाच आहे का ते डॉक्टरांना विचारावे आणि दर वेळचे आलेख एकत्र ठेवावेत. बोटीवर जाण्यापूर्वीचा पहिला आलेख सर्वांत मोलाचा, कारण पुढची प्रत्येक तुलना त्याच्याशी होते.

रंग, सॉल्व्हंट किंवा औषधांचा कानाशी काही संबंध आहे का?

आहे. टोल्युइन, झायलीन, स्टायरीन यांसारखी सॉल्व्हंट आणि कार्बन मोनॉक्साइड वायू कानालाही बाधक आहेत, आणि गोंगाटाच्या जोडीने त्यांचा परिणाम वाढतो. बंदिस्त जागेत थिनर वापरताना श्वसनाचे संरक्षण घेणे हे कानाच्याही हिताचे आहे. जेंटामायसिनसारखी काही प्रतिजैविके आणि मोठ्या मात्रेतले ॲस्पिरिन यांचाही कानावर परिणाम होऊ शकतो. असे औषध चालू असेल तर इंजिन रूममध्ये काम असल्याचे डॉक्टरांना सांगावे.

प्लग मिळत नाहीत किंवा तक्रार ऐकली जात नाही, तर कुठे जावे?

२००६चा सागरी श्रम करार २० ऑगस्ट २०१३पासून अमलात आहे आणि भारताने तो ऑक्टोबर २०१५मध्ये मान्य केला. त्यात निवासाच्या जागेतला आवाज व कंपन, तसेच कामाच्या ठिकाणची सुरक्षा या दोन्ही गोष्टी येतात. खलाशांना धोक्याची माहिती देणे आणि कानाची मान्यताप्राप्त साधने पुरवणे यांचाही त्यातल्या मार्गदर्शनात उल्लेख आहे. या कराराखालच्या जहाजावर तक्रारीची लेखी पद्धत असलीच पाहिजे, तिची प्रत प्रत्येक खलाशाला मिळाली पाहिजे आणि तक्रार केली म्हणून कुणाला त्रास देता येत नाही. पहिली पायरी विभागप्रमुख, मग कॅप्टन. तिथे दाद मिळाली नाही तर जहाज ज्या देशाच्या ध्वजाखाली आहे ते प्रशासन, किंवा जहाज ज्या बंदरात आहे तिथला बंदर-निरीक्षक. भारतीय खलाशाला मुंबईतल्या नौवहन महासंचालनालयाकडे आणि आपल्या संघटनेकडेही जाता येते. तोंडी सांगण्यापेक्षा तारीख, जागा आणि मागणी लिहून ठेवलेली बरी.

बहिरेपणा आला तर भरपाई मिळते का?

गोंगाटाने आलेला श्रवणदोष भारतातल्या १९२३च्या भरपाई कायद्यात व्यावसायिक आजारांच्या यादीत होता आणि २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या यादीतही तो आहे. अडचण पुराव्याची असते. दहा वर्षांत सहा कंपन्यांच्या चौदा जहाजांवर काम केलेल्या माणसाचे कान कोणत्या जहाजावर गेले, हे सांगणे कठीण. वय वाढल्यामुळेच ऐकू येत नाही, असेही म्हटले जाते. प्रत्येक कराराच्या आधीचे आणि नंतरचे श्रवण-आलेख आणि अहवालातून उतरवलेले आकडे जवळ असतील, तर निदान बोलायला आधार राहतो.

कोकणातल्या ट्रॉलरवर किंवा गोव्यातल्या बार्जवर हे नियम लागू होतात का?

सागरी संघटनेची आवाजाची संहिता नाही लागू होत. ती मुळात आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या, १,६०० टनांपासून पुढच्या जहाजांसाठी आहे आणि मासेमारीच्या नौका, ड्रेजर, क्रेन बार्ज वगैरे तिने स्पष्टपणे वगळले आहेत. मांडवी-झुआरीतून खनिज वाहणारे बार्ज नदीतले. यांत्रिक मासेमारी नौकेवर इंजिन आणि तांडेल (नौका चालवणारा) यांच्यात अनेकदा एका फळीचेच अंतर असते, फेरी काही दिवसांची असते आणि झोपही त्या इंजिनाच्या डोक्यावरच लागते. तरी तिथे मोजणी नाही, अहवाल नाही आणि दारावर पाटीही नाही. वस्तुतः नियमाची गरज जिथे जास्त तिथेच तो थांबतो. इंजिनाच्या पेटीला आतून जाड ध्वनिशोषक आणि आगीला न जुमानणारे अस्तर लावणे, फुटलेला सायलेन्सर हंगामाआधी बदलणे आणि इंजिनाजवळ बसणाऱ्यासाठी मफची एक जोडी नौकेवर ठेवणे, एवढे मालकाला बंदीच्या पावसाळी महिन्यांत करता येण्यासारखे आहे.

साइन ऑफ करून, म्हणजे बोटीवरचा करार संपवून, घरी आल्यावर श्रवणचाचणी कधी करावी?

लगेच दुसऱ्या दिवशी नको; थकलेला कान खऱ्याहून वाईट आकडा दाखवतो. दोन-तीन दिवस शांततेत काढावेत, लग्नाची वरात किंवा डीजेची मिरवणूक टाळावी, आणि मग ध्वनिरोधक खोली असलेल्या केंद्रात चाचणी करून घ्यावी. ४,००० हर्ट्झबरोबर ३,००० आणि ६,०००ही तपासायला सांगावे, कारण मागितल्याशिवाय ते प्रत्येक ठिकाणी केले जातेच असे नाही. कानात मळ साचला असेल तर तो आधी डॉक्टरांकडून काढून घ्यावा. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर मात्र वाट पाहू नये; त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे.